फ्रीज बोलला

आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या हातात दुधाची पिशवी दिली तर त्या आधी तारीख वाचतात, मग पिशवी गालाला लावून थंड आहे का बघतात, मग वास घेतात, आणि एवढं करून दूध तापत ठेवलं की ओट्यापासून हलत नाहीत. दुधावर त्यांचा विश्वास नाही. गॅसच्या बटणावर नाही, दाराच्या कडीवर नाही, 'पाच मिनिटांत पोचतो' म्हणणाऱ्या माणसावर तर नाहीच नाही. बाहेर पडताना कुलूप लावून ते ओढून बघतात आणि जिना उतरल्यावर मला विचारतात, "तू ओढून बघितलंस ना?" मी बघितलेलं असतं. ढवळ्याशेजारी पवळा बांधला, वाण नाही पण गुण लागला.

मी त्यांना ताई म्हणते. आम्ही एकाच इमारतीत वरखाली राहतो आणि एकाच ऑफिसात काम करतो. ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानावरचे दोन मजले. वरच्या मजल्यावर संगणक, खालच्या मजल्यावर चाचणीचे फ्रीज ओळीने उभे, त्यातला एक कायम कण्हत असतो. आमची कंपनी औषधांच्या आणि रक्ताच्या फ्रीजवर पहारा ठेवते. फ्रीजमध्ये काडेपेटीएवढी डबी ठेवायची. आतलं तापमान चढलं की डबीतला प्रोग्राम जबाबदार माणसाला फोन करून उठवतो. थोरले भाऊजी, म्हणजे ताईंचे यजमान, कंपनीचे मालक. आमचे हे त्यांचे धाकटे भाऊ. डबी बनवण्याचं खातं त्यांच्याकडे. प्रोग्राम ताई आणि त्यांच्या हाताखालची मंडळी लिहितात. मी फोन घेते, म्हणजे औषधविक्रेत्यांची बोलणी खाते, आणि नवा प्रोग्राम बाहेर जाण्याआधी तो कुठे मोडतो ते शोधते. मोडण्यात माझा हातखंडा आहे.

ताई जन्मापासून अशा नव्हत्या, असं सासूबाई सांगतात. त्यांना संशयाची दीक्षा एका फ्रीजने दिली. तेव्हा मी या घरात आले नव्हते. ताईंनी प्रोग्रामरची नोकरी सोडलेली, मांडीवर मुलगी, भाऊजी एका मोठ्या कंपनीत तसल्याच नोकरीला, आणि सासूबाईंना नुकतंच इन्सुलिन सुरू झालेलं. घरातला फ्रीज गार करायचा बंद झाला, पण त्याचा दिवा लागत राहिला. दार उघडलं की आत लख्ख उजेड. मग शंका कोण कशाला घेईल? औषध नासलं. सुई रोज टोचली जात होती आणि साखर रोज चढत होती. सासूबाईंना दवाखान्यात न्यावं लागलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, "औषध नीट ठेवत होतात ना?" सासूबाई वाचल्या, खडखडीत बऱ्या होऊन घरी आल्या. ताईंच्या मनातून मात्र तो प्रश्न गेला नाही. फ्रीजचा दिवा आपल्याशी खोटं बोलला, असं त्या अजून म्हणतात.

मग त्यांनी बाजारातून तापमान मोजणारी एक वायर आणली, भाऊजींच्या जुन्या लॅपटॉपला जोडली, आणि दुपारी मुलगी झोपली की त्या फ्रीजला बोलतं करायच्या मागे लागल्या.

कोड लिहिणाऱ्यांची एक पद्धत इथे सांगते, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरून घडलं. कोडमध्ये बदल केला की तो जतन करताना सोबत नाव, दिवस, वेळ आणि 'काय केलं' याची एक ओळ जाते. त्या नोंदीला कमिट म्हणतात. प्रत्येक कमिटला एक अगडबंब क्रमांक मिळतो आणि तो मागच्या कमिटच्या क्रमांकावरून निघतो. स्वेटर विणताना वरची ओळ खालच्या ओळीच्या टाक्यांत अडकते, तसं. सगळ्यात खालची ओळ बदलायची तर वरचं सगळं उसवून पुन्हा विणावं लागतं. नक्षी तीच दिसते, पण जुना टाका एकही उरत नाही.

ताईंच्या अगदी पहिल्या कमिटची ओळ होती, 'फ्रीज बोलला.' दुसऱ्याची, 'खोटं बोलला. वायर सैल.' त्यापुढे 'आईंनी दार उघडं ठेवलं, आपोआप चाचणी झाली', 'बाळ उठलं, उरलेलं उद्या', 'आता रागावतोही.' पहिलं वर्षभर हे असंच. मी कंपनीत आले तेव्हा ताईंनी मला पहिल्या दिवशी हे वाचायला लावलं होतं. काम समजावं म्हणून. मी हसून हसून बेजार झाले होते आणि काम खरोखरच समजलं होतं.

पण लॅपटॉप भाऊजींचा. त्यात नाव त्यांचं भरलेलं, आणि ई-मेलचा पत्ता त्यांच्या तेव्हाच्या कंपनीतला. त्यामुळे त्या प्रत्येक ओळीपुढे लेखक म्हणून भाऊजींचं नाव लागत गेलं. ताईंनी ते बदललं नाही. घरातल्या घरात काय बदलायचं, असं त्यांना वाटलं. दुधावर, कुलपावर, दिव्यावर संशय घेणारी ही बाई नवऱ्यावर तेवढा घ्यायचा विसरली.

पुढे भाऊजींनी नोकरी सोडली, कंपनी काढली आणि ती नावारूपाला आणली. त्यात त्यांचे कष्ट होते, ते मी नाकारत नाही. दारोदार फिरून पहिल्या डब्या त्यांनीच विकल्या. पण विकता विकता एक गोष्ट तयार झाली. आईचं औषध नासलं, त्या धक्क्यातून मी हा प्रोग्राम लिहिला. पाहुणे आले की भाऊजी ही गोष्ट सांगत, आणि ताई चहा घेऊन आल्या की हाताने दाखवून म्हणत, "ही तेव्हा घरीच होती." पाहुणे ताईंकडे बघून गोड हसत. ताई ट्रे ठेवून खाली फ्रीज बघायला जात.

मला राग यायचा. एकदा मी विचारलंच, "ताई, तुम्ही बोलत का नाही?"

"लिहिलेलं आहे ना तिथे," त्या म्हणाल्या. "नाव कोणाचं का असेना, वाचणाऱ्याला कळतं कोण बोलतंय. ते कुठे पळून जातंय?"

कुठे पळून जातंय, हे त्यांचं आवडतं वाक्य.

गेल्या वर्षी एका बड्या कंपनीने आमची कंपनी विकत घ्यायची इच्छा दाखवली. भाऊजी हवेत गेले. नंतर कळलं की विकत घेण्याआधी त्यांच्या तपासनीस बाई येऊन कोडचा सगळा इतिहास वाचणार आहेत: कोणती ओळ कोणी लिहिली, केव्हा लिहिली, तेव्हा तो माणूस कोणाचा नोकर होता. दुसऱ्याच्या हक्काचा माल विकला जाऊ नये म्हणून ही चौकशी. हे ऐकून भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी तेव्हा जेवणही अर्धं टाकलं. एवढं तर सासूबाईंनीही टिपलं.

पुढच्या सोमवारी सकाळी वरच्या मजल्यावर एकच गोंधळ. ज्याच्या त्याच्या संगणकावरची कोडची प्रत सर्व्हरवरच्या प्रतीशी जुळेना. भाऊजी केबिनमधून बाहेर येऊन म्हणाले, "मी सुट्टीत जरा साफसफाई केली. जुन्या प्रती पुसून टाका, सगळ्यांनी नवीन उतरवून घ्या."

साफसफाई हा शब्द ऐकला आणि माझे कान टवकारले. या माणसाने आयुष्यात स्वतःचा कप विसळलेला नाही.

तरी मीही शहाण्यासारखी जुनी प्रत पुसली आणि नवी घेतली. दुपारी एका औषधविक्रेत्याची तक्रार बघताना एक जुनी ओळ समोर आली. त्यात ताईंनीच लिहिलं होतं की ही चूक अमुक क्रमांकाच्या कमिटपासून चालत आली आहे. तो क्रमांक मी शोधला. नाही. पुन्हा शोधला. असा कमिट इथे नाही, असं उत्तर. मग मी अगदी तळाशी गेले. 'फ्रीज बोलला' तिथे नव्हतं. तिथे होतं, 'प्राथमिक आवृत्ती.' त्यावर, 'तापमानवाचन सुधारणा.' त्यावर, 'किरकोळ दुरुस्ती.' वर्षभराची ताईंची बडबड गायब, आणि तिच्या जागी एखाद्या सरकारी पाटीसारख्या कोरड्या ओळी. कुठेतरी पाणी मुरत होतं.

साफसफाई भाऊजींची असली तरी एवढं उसवणं-विणणं त्यांना एकट्याला जमेल असं वाटेना, आणि सांगायला हरकत नाही, माझा पहिला संशय ताईंवर गेला. कंपनी विकली जाणार, मग पहिलं वर्ष स्वतःच्या नावावर करून घ्यावं असं कोणालाही वाटेल. मी असते तर मला वाटलं असतं. नाव अजून भाऊजींचंच दिसत होतं, पण मला वाटलं काम अर्ध्यात असेल. त्यातून त्याच संध्याकाळी मी वाटी परत द्यायला वर गेले तर ताई पलंगावर जुना लॅपटॉप उघडून बसलेल्या, आणि मला बघताच त्यांनी तो खटकन मिटला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी जवळ गेले तर संगणकाचा पडदा बदलला. तिसऱ्या दिवशी मी जेवणाचा डबा खाताना सरळच विचारलं.

"ताई, तळातले कमिट कोणी बदलले?"

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं. "मला वाटलं तू."

"मी? मी कशाला?"

"तुला मोडायची सवय आहे म्हणून. म्हणून तर तुझ्यापासून लपवून बघत होते."

दोघी एकमेकींवर पाळत ठेवून होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. हसू आलं, पण ताईंना हसू टिकवता आलं नाही. त्यांनी उठून दार लावलं, कडी ओढून बघितली, आणि पिशवीतून तो जुना लॅपटॉप काढला. घरच्या कपाटात कपड्यांखाली तो इतकी वर्षं पडून होता. त्यात पहिल्या वर्षाचा इतिहास जसाच्या तसा होता. मी तो हरवलेला क्रमांक त्यात शोधला. लगेच सापडला. 'बाळ उठलं, उरलेलं उद्या.'

मग आम्ही दोन्ही इतिहास शेजारी शेजारी मांडले. ओळी बदलल्या होत्या, हे दिसतच होतं. ई-मेलचा पत्ता बदलला होता. भाऊजींच्या जुन्या कंपनीचा जाऊन तिथे त्यांचा घरचा आला होता. आणि तारखा. ताईंनी दुपारी, आठवड्यातल्या कोणत्याही दिवशी लिहिलेलं सगळं आता ज्याच्या त्याच्या आधीच्या रविवारी सरकलं होतं.

"रविवारी," ताई म्हणाल्या. "रविवारी मी कधी लॅपटॉपला हात लावला नाही. रविवारी हे घरी असायचे, लॅपटॉप त्यांना लागायचा."

कळलं त्यांना त्याच क्षणी. मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. नासक्या औषधाच्या वेळी त्यांना काय वाटलं असेल ते मला तेव्हा समजलं. दिवा लागलेला होता, आणि त्या रोज दार उघडून बघत होत्या.

"नाव तर त्यांचंच होतं," त्या हळूच म्हणाल्या. "नाव घेतलं त्याचं काही नाही. माझी बोललेली वाक्यं कशाला पुसली?"

एवढंच मागणं होतं बाईचं. ती वाक्यं सोडली तर तिने हे लिहिलं याला जगात दुसरा पुरावा नव्हता, आणि आता ती एका म्हाताऱ्या लॅपटॉपात उरली होती. त्याची बॅटरी फुगलेली होती आणि वायर काढली की तो मरायचा.

त्या संध्याकाळी आम्ही सगळे ताईंकडे जेवायला होतो. ताटं वाढून झाली आणि ताईंनी भाजी वाढता वाढता विचारलं, "अहो, रविवार का निवडलात?"

भाऊजींचा घास हातातच राहिला. आमचे हे ताटात असे बघायला लागले की जणू तिथे काहीतरी छापलेलं आहे. म्हणजे यांनाही कुणकुण होती, हे मी मनात नोंदवून ठेवलं. त्याचा हिशेब नंतर झाला.

भाऊजी कानावर हात ठेवतील असं मला वाटलं होतं. ते तसे खोटारडे नाहीत. एकच खोटं त्यांनी बरीच वर्षं सांभाळलं, बाकी व्यवहार चोख. म्हणाले, "तू समजून घे. पत्ता जुन्या कंपनीचा. वार कामाचे, वेळ भर दुपारची. तपासनीस म्हणणार, हा माणूस दुसऱ्याची नोकरी करताना त्यांच्या वेळात हे लिहीत होता. जुनी कंपनी हक्क सांगणार. विक्री तर जाईलच, कंपनीही जाईल. मी आपल्या सगळ्यांसाठी केलं."

"पण दुपारी तुम्ही लिहीत नव्हता."

"ते त्यांना कसं कळणार?"

"सांगितलं तर कळेल. मी लिहिलं म्हणून सांगायचं."

भाऊजींनी पेला उचलला. पाणी प्यायले. मग खाली मान घालून म्हणाले, "इतकी वर्षं सगळ्यांना मी लिहिलं म्हणून सांगतोय. आता कोणत्या तोंडाने सांगू? आणि अगदीच काही मी नव्हतो असं नाही. माझीही मदत होतीच."

सासूबाई आत्तापर्यंत मुकाट जेवत होत्या. त्यांना ऐकू कमी येतं असा सगळ्यांचा समज आहे आणि त्यांनी तो मोडलेला नाही. त्या म्हणाल्या, "मला दुपारी सुई कोण टोचायचं, ते आठवतं का रे तुला?"

भाऊजी ताटावरून उठले.

तपासणीला अजून अवधी होता आणि त्या दिवसांत घरात संशयाचं नुसतं पीक आलं. ताई काय करणार, हे कोणालाच कळेना. त्या भाऊजींशी जेवढ्यास तेवढं बोलत. भाऊजी त्यांच्या पिशवीकडे बघत. पिशवीत लॅपटॉप आहे का, हे बघायला एकदा त्यांनी चष्मा शोधायचं निमित्त केलं. चष्मा नाकावर होता. आमचे हे माझ्याशी नको इतकं गोड वागायला लागले, तेव्हा मी त्यांनाही फैलावर घेतलं. कबूल झाले की दादाने काहीतरी बदललं हे त्यांना माहीत होतं, पण भावाभावांत कशाला पडा म्हणून ते मूग गिळून बसले. मी ताईंना विचारलं, "तपासनीस बाईंसमोर बोलणार का?" तर म्हणाल्या, "त्यांनी विचारलं तर बघू. त्यांना विचारता येतं का, ते आधी बघू."

तपासनीस बाई आल्या त्या स्वतःचा थर्मास घेऊन. आमचा चहा त्यांनी नाकारला. खुर्चीवर बसण्याआधी खुर्ची हलवून बघितली. ताई माझ्या कानात म्हणाल्या, "बाई बरी दिसते."

वरच्या मजल्यावरच्या लांब टेबलाशी सगळे बसलो. भाऊजींनी गोष्ट सांगितली, आईचं औषध, तो धक्का, सुट्टीच्या दिवशी बसून लिहिलेला प्रोग्राम. सांगायची सवय होती, छान सांगितली. ताईंकडे हात करून म्हणाले, "ही तेव्हा घरीच होती." तपासनीस बाईंनी मान डोलावली आणि काहीच टिपून घेतलं नाही. त्या पडद्यावर एक फाईल बघत होत्या.

"ही तुमच्या चाचणीची पहिली फाईल," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरच्या फ्रीजचं तापमान, वेळेसकट. ही तुम्ही रविवारी जतन केली."

"हो."

"आत त्यानंतरच्या बुधवारपर्यंतचं तापमान आहे."

मी ताईंकडे बघितलं. त्या टेबलावरचा धुळीचा कण बोटाने पुसत होत्या. त्यांनी हे आधीच पाहिलं होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. भाऊजींनी कमिटची तारीख मागे सरकवली होती, पण फाईलच्या पोटात फ्रीजने स्वतः लिहिलेल्या वेळा तशाच राहिल्या होत्या. रविवारच्या पेपरात बुधवारची बातमी. हात फिरवला तो वरवरच फिरवला. कोड आतून वाचायची सवय राहिली नव्हती माणसाला.

"घड्याळ चुकलं असेल लॅपटॉपचं," भाऊजी म्हणाले.

"असेल. मग दुसरं विचारते. रोज दुपारी, जेवणाआधी, तापमान एकदा चढतं आणि उतरतं. कामाच्या दिवशीही. कोणीतरी दार उघडतंय. कोण?"

भाऊजींनी ओठ ओले केले. ते ताईंकडे बघायला लागले. ताई आता बोलतील, सांभाळून घेतील, असं त्यांना वाटत असावं. आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं. ताईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि गप्प राहिल्या. ही संधी त्या नवऱ्याला देत होत्या, हे मला कळत होतं, आणि तो ती घेईल याची मला तीळभर खात्री नव्हती. कण्हणाऱ्या फ्रीजचा आवाज खालून ऐकू येत होता.

"ही," भाऊजी म्हणाले. मग घसा खाकरून पुन्हा म्हणाले, "ही उघडायची. आईला इन्सुलिन द्यायला. आणि ते सगळं हिनेच लिहिलेलं आहे. तारखा मी बदलल्या. ओळीही मीच बदलल्या."

त्यांच्या कपाळावर घाम होता. मला त्यांची दया आली, हे मान्य करते. जास्त वेळ टिकली नाही.

ताईंनी पिशवीतून लॅपटॉप काढला, वायर लावली, उघडला आणि तपासनीस बाईंपुढे सरकवला. त्या वाचत गेल्या. नव्या इतिहासात उल्लेख असलेले, पण तिथे सापडत नसलेले क्रमांक त्यांनी एकेक करून या लॅपटॉपात शोधले आणि ते सगळे सापडले. 'आता रागावतोही' पाशी त्या किंचित हसल्या. मग ताईंकडे वळल्या. विचारायचं त्यांना येत होतं.

"तेव्हा तुम्ही कोणाच्या नोकरीत होतात?"

"कोणाच्याच नाही."

"कोणाचं काम घरी आणून करत होतात? पगार, मानधन, काही?"

"काही नाही."

"मग काय करत होतात?"

ताईंनी लॅपटॉपची वायर नीट बसली आहे ना ते चाचपलं. "घरीच होते," त्या म्हणाल्या.

तपासनीस बाईंनी पहिल्यांदा पेन उचललं. "हे मला तुमच्या सहीने लागेल," त्या म्हणाल्या. "तुम्ही घरीच होतात, यावरच सगळं उभं आहे. नोकरीतल्या माणसाने लिहिलं असतं तर त्याचा मालक हक्क सांगायला आला असता. तुमच्यावर कोणाचाच हक्क नाही. हे कोड तुमचं आहे, आणि आम्हाला घ्यायचं असेल तर तुमच्याकडून घ्यावं लागेल." मग भाऊजींकडे न बघता म्हणाल्या, "आणि सर्व्हरची किल्ली यापुढे यांच्याकडे नको."

ताईंनी तो कागद तीनदा वाचला, मला वाचायला दिला, मागची बाजू कोरी आहे ना ते बघितलं आणि मगच सही केली.

पुसलेला इतिहास पुन्हा आणायचा तर पहिल्या वर्षापासून आजपर्यंतची अख्खी जुनी प्रत लागणार होती, आणि ती तर सगळ्यांनी भाऊजींचं ऐकून पुसलेली. तेव्हा आमचे हे चाचरत म्हणाले, "माझ्याकडे असेल." दादाने सांगितलेली नवी प्रत उतरवून घ्यायचा यांनी कंटाळा केला होता. यांच्या आळसाला मी लग्नापासून नावं ठेवत आले आहे. त्या दिवशी चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त दिली.

जुना इतिहास सर्व्हरवर परत गेला तेव्हा भाऊजी ताईंच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "त्या पहिल्या वर्षावर तुझं नाव घालू. सगळीकडे. मीच घालून देतो."

"पुन्हा बदलायचं?"

"या वेळी खरं करण्यासाठी."

"नको," ताई म्हणाल्या. "तुमच्या लॅपटॉपवर तुमचं नाव होतं आणि मी ते बदललं नाही. तेही झालेलंच आहे. राहू दे तसं. तळाला हात लावायचा नाही, कोणीच." आणि त्यांनी आजच्या तारखेचा, स्वतःच्या नावाचा एक कमिट केला. त्यात कोडचं एक अक्षरही बदललेलं नव्हतं. ओळ फक्त एवढी होती, 'पहिलं वर्ष मी लिहिलं आहे. फ्रीज आईंचा.'

कंपनी विकली गेली. आम्ही सगळे त्याच टेबलांवर काम करतो, किल्ली ताईंकडे असते. भाऊजी ती मागत नाहीत आणि ताई ती स्वतःहून देत नाहीत. नवराबायकोत बाकी सगळं हळूहळू पूर्वीसारखं झालं आहे, असं भाऊजी म्हणतात. ताई अजून काही म्हणालेल्या नाहीत. जुन्या लॅपटॉपला त्यांनी नवी बॅटरी घातली.

परवा नव्या मालकांकडचे पाहुणे आले होते. भाऊजींना राहवलं नाही, गोष्ट सुरू झाली. आईचं औषध, फ्रीजचा दिवा, तो धक्का. ताई फ्रीज बघायला खाली निघाल्या होत्या, जिन्याच्या दारापर्यंत पोचल्या होत्या, आणि जुन्या सवयीने भाऊजींचा हात त्यांच्याकडे वळला.

"ही तेव्हा घरीच होती," ते म्हणाले.

ताई दाराची कडी धरून तिथेच उभ्या राहिल्या. मागे वळल्यासुद्धा नाहीत.

"पुढचं सांगा," त्या म्हणाल्या, आणि त्यांचं सांगून होईपर्यंत जिना उतरल्या नाहीत.